कोंबडीची ओटी

मला नाही म्हणता येत नाही. हा दोष नसून सभ्यपणा आहे, अशी मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घालत आलो. परंतु आमच्या अंगणात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा का आहेत, याचे दुसरे कोणतेही कारण मला आजवर सापडलेले नाही. कृषी प्रदर्शनात मी पुस्तकांचा स्टॉल शोधत गेलो होतो. वाटेत एका तरुणाने "काकाजी, जरा धरता का?" म्हणून माझ्या हातात पुठ्ठ्याचे खोके दिले. मी धरले. तो परत आला आणि त्याने खोक्यातल्या पिल्लांचे गुण सांगायला सुरुवात केली. तो इतका तल्लीन होऊन बोलत होता की त्याला मध्येच थांबवणे मला बरे वाटेना. घरी पोचलो तेव्हा हातात पुस्तक एकही नव्हते आणि पिल्ले सहा होती.

आमच्या घरी अंडे खात नाहीत. यमुना, म्हणजे माझी पत्नी, तर त्याचे नाव घेतानाही आवाज खाली आणते. पिल्ले लहान होती तोवर तिने त्यांना मायेने तांदळाच्या कण्या घातल्या. पण मोठ्या होऊन कोंबड्यांनी पहिले अंडे दिले, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू ते मीच घातले आहे. अंडी स्वयंपाकघरात येणार नाहीत आणि फ्रिजमध्ये तर मुळीच जाणार नाहीत, असे ठरले. मग ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशांच्या शेजारी मुक्कामाला आली. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आहे. कपाटात कशाला जागा द्यावी, याचा निर्णय इतका हताशपणे मी कधी घेतला नव्हता.

सुरुवातीला मी अंडी शेजाऱ्यांना वाटत असे. हे समोरच्या भैय्याजींना पाहवले नाही. भैय्याजींना कोणाचेच काही चुकत असलेले पाहवत नाही आणि त्यांच्या मते सगळ्यांचेच सगळे चुकत असते.

"कृष्णकांतजी, तुम्ही अंडी फुकट काहून वाटून राहिले?" ते म्हणाले.

"घरात खाणारे कोणी नाही."

"मंग विका ना! पण खायचं अंडं नका विकू. ते तर किराणा दुकानातही भेटते. उबवायचं अंडं विका. तुमच्याजवळ कोंबडा आहे ना? कोंबडा असला का अंड्यात पिल्लू असते. म्हणजे पाहा, समोरचा माणूस घेऊन जाते अंडं, आन तुम्ही त्याले देऊन राहिले कोंबडी. आता सांगा, भाव कोणाचा लावाचा?"

यात काहीतरी चुकते आहे असे मला वाटत होते, पण काय ते सांगता येईना. चहा संपेपर्यंत भैय्याजींनी मला काटोल रोडवर जागा घेऊन दिली होती, शेड बांधून दिली होती आणि दुसऱ्या कपापर्यंत माझा माल छिंदवाड्यापर्यंत पोचवला होता. मी फक्त "हो, हो" म्हणत होतो. ते उठून गेल्यावर माझ्या लक्षात आले की मी धंदा सुरू केला आहे.

मी धास्तावलो की वाचतो. कुक्कुटपालनावरच्या चार-पाच पुस्तिका मिळवल्या आणि पेन्सिल घेऊन बसलो. उबवणीच्या अंड्याचे पथ्य कडक असते. ते टोकाची बाजू खाली करून ठेवायचे. रोज हलक्या हाताने कलते करायचे. फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, पण उन्हाची झळही लागू द्यायची नाही. मुख्य म्हणजे ते कधीही धुवायचे नाही. कवचावर निसर्गाने दिलेला एक पातळ थर असतो आणि पाण्याने तो गेला की आतल्या जिवाला रोग शिरायला दार मोकळे होते. या वाक्याखाली मी दोनदा रेघ ओढली. एकंदरीत उबवणीच्या अंड्याला जितकी सेवा लागते, तितकी मी टायफॉइडमध्येसुद्धा मागितली नव्हती.

त्यातून मार्च लागला आणि नागपूरचे ऊन ठरल्याप्रमाणे वेळेआधीच आले. मी माळ्यावरून कूलर काढला, नवी वाळ्याची ताटी बसवली आणि तो पुस्तकांच्या खोलीत अंड्यांसमोर लावला. बैठकीत पंखा गरम हवा फिरवत होता. भैय्याजी कपाळ पुसत म्हणाले, "वा जी! माणसं इथं घामानं भिजून राहिली आन अंडी आतमध्ये हवा खाऊन राहिली." यमुनेने आपली खुर्ची उचलली, अंड्यांच्या खोलीत नेली आणि तिथे बसून भाजी निवडू लागली. अंडी आणि यमुना एका खोलीत बसण्याचा तो पहिला प्रसंग. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

हे सगळे परवडते का, असे तिने एकदा विचारले. मी म्हटले, सुरुवातीला असेच असते. हे वाक्य पुस्तिकेत होते. पुढे काय असते, ते पुस्तिकेतही नव्हते.

शेजारच्या वंदनाताईंची तक्रार वेगळीच होती. त्यांची मुलगी भूमिका बारावीला आहे आणि आमचा कोंबडा पहाट व्हायच्या पुष्कळ आधी पहाट झाल्याचे जाहीर करतो. "काका, त्याला काही टाइमटेबल आहे का?" त्यांनी कुंपणावरून विचारले. मी खजील झालो. कोंबड्यावाचून उबवणीचे अंडे होत नाही, हे एका शालीन स्त्रीला कसे समजावून सांगावे, ते मला सुचेना. मी पुष्कळ आडवळणे घेऊन "निसर्गनियम" या शब्दापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. त्या रात्रीपासून कोंबड्याला टोपलीखाली, त्यावर पोते आणि पोत्यावर मासिकांचे जुने बांधीव अंक, असे झाकून ठेवू लागलो. तो आतून ओरडतच राहिला, फक्त आवाज दुरून आल्यासारखा वाटू लागला. वंदनाताईंनी आता आपली तक्रार मागच्या गल्लीतल्या लोकांकडे वळवली आहे. मी त्यांची चूक दुरुस्त केलेली नाही.

इतके झाल्यावर मला कायद्याची आठवण झाली. अंडी विकायला परवानगी लागते का, असे मला कोणी विचारले नव्हते. पण विचारले तर काय, या विचाराने मी झोपत नव्हतो. म्हणून एका कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण मी बरोबर कार्यालयात गेलो होतो की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.

"अंडी खायची का उबवायची?" तिथल्या बाबूंनी विचारले.

"उबवायची."

"मंग हे अन्नात येत नाही. तिकडच्या टेबलावर जा, पशुधन."

तिकडच्या टेबलावरचे गृहस्थ डबा खात होते. त्यांनी विचारले, "जनावरं किती?"

"सध्या तरी अंडी आहेत."

"अंडं म्हणजे जनावर नाही."

"पण त्यातून निघणार आहे."

"किती निघतीन?"

"ते आधी सांगता येत नाही."

"मंग निघाल्यावर या ना, काकाजी. आता मी काय मोजू?"

"पण तोवर मी ती विकलेली असणार."

त्यांनी पोळीचा तुकडा हातातच धरून माझ्याकडे पाहिले. "म्हणजे असतीन तेव्हा तुमची नाहीत, आन तुमची आहेत तेव्हा असत नाहीत. बरोबर?" मी म्हटले, बरोबर. "मंग तुम्हाले काहून पाह्यजे परवानगी?" मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन बराच वेळ कडुलिंबाखाली उभा राहिलो.

दरम्यान भैय्याजींनी मला न विचारता मोबाईलवरच्या अर्ध्या डझन ग्रुपांत माझा नंबर टाकून दिला होता. "गावठी कोंबडीची उबवणीची अंडी, गॅरंटीसह." गॅरंटी कोणी दिली, असे मी विचारले. भैय्याजी म्हणाले, "त्याच्याशिवाय बरं दिसत नाही जी."

आणि फोन आला.

"हॅलो, अंडीवाले साहेब का?"

आयुष्य ग्रंथालयात काढले. पण संकोचाने का होईना, मी "हो" म्हटले.

"मी रुपराव बोलून राहिलो, नरखेड तालुक्यातून. आमच्या घरची कोंबडी खुडूक बसली जी. खाली अंडं नाही, काही नाही. दोन गोटे पोटाखाली घेऊन बसली. दाण्यालेही उठत नाही. रुखमाबाई म्हणे, तिची आशा मोडू नका, चांगली अंडी आना. तर मले बारा पाह्यजेत. बाराच्या बारा निघतीन ना?"

बारातली नऊ निघाली तरी उत्तम, असे पुस्तिकेत स्पष्ट होते. ते वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. पण पलीकडे तो माणूस, त्याची बायको आणि दोन दगडांवर उपाशी बसलेली ती कोंबडी असे तिघे श्वास रोखून थांबले आहेत, असे मला दिसू लागले.

"हो," मी म्हणालो.

"गॅरंटी?"

"हो."

"बस! झालं. तुमच्यासारख्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द. मी गावात सांगूनच टाकतो."

फोन ठेवला तेव्हा कूलरसमोर बसूनही मला घाम फुटला होता. बाराही अंड्यांतून पिल्ले निघावीत, यासाठी आता माझ्या हाती फक्त काळजी घेणे होते. मी ताजी, सुडौल अशी बारा अंडी निवडली. कोणी हात लावू नये म्हणून कपाटावर चिठ्ठी लावली. यमुनेला सांगितले की उद्या एक गृहस्थ लांबून यासाठी येणार आहेत आणि त्यांच्या घरची कोंबडी त्यांची वाट पाहत बसली आहे. ती कशी बसली आहे, तेही सांगितले. यमुना ऐकत राहिली. "दगड घेऊन बसली?" तिने विचारले. तिचा आवाज मऊ झाला होता. मला बरे वाटले. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो. परत आलो तर यमुना अंगणात नळापाशी पाटावर बसली होती. शेजारी रिठ्याचे पाणी, हातात जुना दात घासायचा ब्रश. आणि समोर स्वच्छ पंच्यावर, उन्हात, माझी बारा अंडी ओळीने वाळत होती. इतकी पांढरीशुभ्र की त्यांच्याकडे बघवेना.

"या," ती म्हणाली. "केवढी माती आणि काय काय लागलं होतं त्यांना! आपल्या घरची वस्तू बाहेर जायची ती अशी? लोक काय म्हणतील?"

जन्मात जिने अंड्याला बोट लावले नव्हते, तिने बारा अंडी एकेक करून हातात धरली होती. शिसारी येत असणार. तरीही ती घासत बसली होती, कारण माझ्याकडे पाहुणे येणार होते. मी तोंड उघडले. तिने ओल्या हाताने केस मागे सारून माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती.

"छान झाली आहेत," मी म्हणालो.

त्याने ती आणखीच उत्साहात आली. "आणि हे बघा, त्या कोंबडीला आता पिल्लं व्हायची. म्हणजे एक प्रकारे तिचं डोहाळजेवणच की. अंडी नुसती तशीच कशी पाठवायची?" असे म्हणून तिने प्रत्येक अंड्याला हळद लावली, कुंकू लावले. मोठ्या स्टीलच्या डब्यात तांदूळ ओतले, त्यात अंडी अर्धी रुतवून ठेवली. मध्ये हळकुंड, सुपारी. वर हिरवा खण घडी घालून आणि एक लहानसा नारळ. कोंबडीची ओटी भरली गेली. तांदळात अंडी फुटणार नव्हती, एवढी एक गोष्ट पुस्तिकेप्रमाणे झाली.

रुपराव आले तेच बोलत. संत्र्यांची गाडी बाजारात उतरवून आले होते आणि येताना आमच्यासाठी पिशवीभर संत्री घेऊन आले होते. माझ्याशी बोलताना ते पुनःपुन्हा "गॅरंटी" म्हणत आणि प्रत्येक वेळी मी संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेई. यमुनेने बंद डबा त्यांच्या हातात दिला. "घरी जाऊन उघडा हं. रुखमाबाईंना द्या म्हणावं, आमच्याकडून." रुपरावांनी डबा कपाळाला लावला. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो आणि रस्त्यात सगळे सांगून टाकायचे ठरवले. पण फाटक आमच्या दारापासून फार जवळ आहे.

जेवून जरा पडलो तोच फोन वाजला.

"साहेब, तुम्ही मले काय देलं जी?" रुपरावांचा आवाज रडवेला झाला होता. मागे बरीच माणसे एकदम बोलत होती. "मी कळमेश्वरले आहो. बसस्टँडवर. लोकं मले गाडीत बसू देऊन नाही राहिले!"

झाले होते ते असे. रुपरावांनी डबा मांडीवर घेतला होता. परतीच्या एसटीत त्यांच्याच गावची दहा-बारा माणसे होती. शेजारच्या बाईने विचारले, डब्यात काय आहे? नागपूरच्या साहेबांनी गॅरंटीची अंडी दिली, हे गावकऱ्यांना दाखवायचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी झाकण उघडले. आत तांदूळ, नारळ, खण आणि हळदीकुंकू लावलेली बारा अंडी.

शहरातल्या आम्हा लोकांना हे कुठून कळणार? तिकडे हळदीकुंकू लावलेले अंडे ओटीत कोणी घालत नाही. ते उतरून तिवाट्यावर टाकतात आणि शहाणा माणूस त्याला वळसा घालून जातो. शेजारची बाई ओरडली, "माय वं! करणी!" आणि त्याच क्षणी गाडीचे मागचे टायर फुटले.

"टायर तर जुनंच होतं जी," रुपराव म्हणत होते, "पण कोन आयकते? आता कंडक्टर टायर बदलून राहिला आन लोकं म्हणते, रुपराव नागपूरहून करणी घेऊन आला, कोनाच्या वावरात गाडते कोनाले माहीत. साहेब, माही संत्री झाडावर आहेत. उद्या तोडायले एक मजूर नाही यायचा. मी गावात राहू कसा?"

मी यमुनेला सांगितले. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला, मग ती उठून साडी बदलायला गेली. भैय्याजींनी गाडी काढली. रस्ताभर ते सांगत होते की त्यांचा सल्ला मानून डब्यावर छापील लेबल लावले असते तर हे झाले नसते. यमुना मागे ताठ बसली होती. "मी इतक्या बायकांच्या ओट्या भरल्या," ती एकदाच म्हणाली, "माझ्या ओटीला आजवर कोणी नाव ठेवलं नाही."

कळमेश्वरच्या बसस्टँडवर डबा एका बाकावर एकटा होता. त्याच्याभोवती माणसांचे मोठे रिंगण. रुपराव दुसऱ्या टोकाला एकटेच, त्यांच्याभोवती वेगळे रिंगण. ड्रायव्हर टायरचे नट आवळत होता आणि मधूनमधून डब्याकडे बघत होता.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तिथे चाळीस होती. "हे बघा," मी सुरुवात केली, "मुळात ही उबवणीची अंडी असून..." भैय्याजी पुढे झाले आणि त्यांनी जादूटोणाविरोधी कायद्यावर भाषण सुरू केले, तेव्हा लोकांची खात्रीच पटली की काहीतरी आहे. यमुनेने दोघांनाही बाजूला केले.

"ती ओटी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "यांची कोंबडी उबवायला बसली आहे. तिला माहेरचं कोण आहे? म्हणून मी भरली."

गर्दी जरा निवळली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोंबडीची ओटी हे ऐकून दोघे-तिघे हसलेही. पण पुढे बसलेली एक म्हातारी हलली नाही. "बाई, तू बोलतं बरं," ती म्हणाली. "पण करनी करनारीबी बरंच बोलते. साफ असंन तं खाऊन दाखव यातलं एक."

"हाव, बरोबर!" रिंगणातून आवाज आले. "खाऊन दाखवा!"

मी यमुनेकडे पाहिले. ती डब्याकडे पाहत होती. मग रुपरावांकडे. रुपराव हात जोडून उभे होते. यमुना बाकापाशी गेली, तांदळातून एक अंडे उचलले, पदराने कुंकू पुसले आणि कोपऱ्यातल्या भुर्जीच्या गाडीवाल्याला म्हणाली, "भाऊ, हे शिजवून देता का?"

"काकू, तवा नहीं दूँगा," तो मागे सरकत म्हणाला. "मेरा धंदे का तवा है. गिलास ले लो. नमक-मिर्च मेरी तरफ से."

तिने पेला घेतला. कांद्याची पातसुद्धा चातुर्मासात न खाणारी यमुना, चाळीस माणसांसमोर, कच्चे अंडे फोडायला काठावर आपटायच्या बेतात होती.

"नाही," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून इतका स्वच्छ निघाला की मीच दचकलो. मी तिच्या हातातून पेला घेतला, अंडे घेतले, फोडले आणि डोळे मिटून पिऊन टाकले. चवीबद्दल मी काही लिहिणार नाही. मीठ होते, एवढेच आठवते.

पण सुटका तिथे नव्हती. म्हातारी म्हणाली, "आता बसा. पाहू काय होते ते." मग मला बाकावर डब्याशेजारी बसवण्यात आले आणि सगळे बसस्टँड माझ्यावर करणी चढायची वाट पाहू लागले. आयुष्यात इतक्या लोकांनी इतक्या आस्थेने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते; माझ्या निरोप समारंभातही नाही. मी स्वभावाने शंकेखोर. थोड्या वेळाने मला खरोखरच डावा हात जड वाटू लागला, जिभेला कसेतरी होऊ लागले. एकाने विचारले, "काकाजी, डोळे फिरून राहिले का?" मला नक्की सांगता येईना. यमुना शेजारी येऊन बसली आणि तिने लोकांदेखत माझा जड हात आपल्या हातात घेतला. मग तो हलका झाला.

टायर बसले. ड्रायव्हरने चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. हा पुरावा माझ्या जिवंत असण्यापेक्षा भारी ठरला. "चाला, चाला," लोक म्हणाले. म्हातारीने स्वतः डबा उचलून रुपरावांच्या हातात दिला आणि जाता जाता यमुनेला विचारले, "बाई, आमच्या घरीबी एक कोंबडी बसाले आली. तिचीबी भरशीन का?" रुपरावांना खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून हात हलवत ओरडले, "साहेब, गॅरंटी!" आणि मला पुन्हा अंडे आठवले.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझे मला माहीत. रिठ्याचे पाणी, ब्रश, पंचा, ऊन, हे सगळे त्या कवचांवर होऊन गेले होते. त्यातून काही निघाले नाही, तर करणीची गोष्ट पुन्हा उठणार आणि रुपराव पुन्हा रिंगणात उभे राहणार. फोन वाजला की मी शब्दकोश उघडून बसे.

एका दुपारी तो आलाच.

"साहेब, निघाले!"

"किती?"

"तुमच्याजवळ कोणी उभं आहे का?"

"नाही. यमुना आत आहे."

"सहा," रुपराव हळू आवाजात म्हणाले.

अकरांतली पाच गेली होती. मी खुर्चीवर बसलो. "रुपरावजी, चूक माझी आहे. मी जी गॅरंटी..."

"आयका ना जी. पाच गंदे निघाले असं सांगतलं, तं गाव म्हणंन, पाहा, करणीच होती. मंग मी काय केलं, बाजारातून पाच पिल्लं आनले आन गुपचूप कोंबडीच्या पोटाखाली सारले. तिनं एक सेकंदही विचार नाही केला. घेतले पोटाशी."

"कोणाला कळले नाही?"

"आता आपली सहा भुरी, आन बाजारात भेटली पांढरी. लोकं विचारते, हे पाच पांढरे काहून? म्हटलं, नागपूरची अंडी आहेत ना बाप्पा, कूलरमधी राहिली, उन्हानं रापली नाही." ते स्वतःच खुदकन हसले. "गावात सारे म्हणून राहिले, बाराच्या बारा! एक साहेबाच्या पोटात गेलं, अकरा कोंबडीच्या पोटाखाली. माहे मजूर आले, संत्री तुटून गेली, सगळं झालं. तुम्ही फक्त कोनाले सांगू नका. काकूलेही नाही."

फोन ठेवून मी वळलो. यमुना दारात उभी होती. हाताला कणीक लागली होती.

"त्यांचाच ना? किती निघाली?"

सहा म्हटले असते तर तिने विचारले असते, पाचांचं काय झालं. आणि पाचांचं काय झालं, हे मला नक्की माहीत होते. मी तिच्या हातांकडे पाहिले.

"अकराच्या अकरा," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग हात धुतले, पदर खोचला, खुराड्यापाशी गेली आणि त्या दिवशीची तीन अंडी स्वतःच्या हाताने काढून नळाखाली धरली.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "सगळा स्वच्छतेचा गुण आहे. जा, तेवढा ब्रश आणा."